टँकर, कुत्रा आणि दारातली बाई

२२ जून

आजपासून मी सर. वय एकवीस, कामाचा पत्ता अंबरनाथ पूर्व, पालेगावच्या रस्त्यावरच्या नव्या बिल्डिंगचा खालचा गाळा. एका बाजूला टाइल्सचं दुकान, दुसऱ्या बाजूला पिठाची गिरणी, मधे धर्मराज सरांचा चित्रकला वर्ग. बाहेरच्या बोर्डावर रंगांची पॅलेट काढलीय आणि तिला अंगठ्याचं भोकच नाही. मी दाखवलं तर सर म्हणाले, ते पेंटरने केलं, मी नाही. म्हणजे स्वतःच्या वर्गाचा बोर्डसुद्धा दुसऱ्याकडून. रिटायर्ड ड्रॉइंग मास्तरकडून आणखी काय अपेक्षा करायची.

आई खूश. तिला वाटतं कॉलेज सोडलेलं पोरगं मार्गाला लागलं. मी कॉलेज सोडलं नाही, कॉलेजची माझ्याबरोबर राहायची लायकी नव्हती. तिसऱ्या वर्षाला एक प्राध्यापक माझ्या पोस्टरला "अस्वच्छ" म्हणाला. मी म्हटलं, तुमच्या डोळ्यांत काहीतरी गेलंय, धुऊन या. पुढचं पुढे. आई अजून विचारते, "विन्या, सॉरी म्हटलं असतंस तर झिजला असतास का?"

झिजलो असतो.

वर्गात नववी-दहावीची बावीस पोरं. सप्टेंबरात त्यांची इंटरमीजिएट ग्रेड परीक्षा. ग्रेड मिळाली की दहावीला वरून मार्क मिळतात, म्हणून आलीत. चित्रासाठी आलेलं एक नाही. एकाने विचारलं, "सर, आकाश निळंच ना?" मी म्हटलं, मान वर कर आणि बघ. त्याने मान वर केली. वर स्लॅब होता.

६ जुलै

आज धर्मराज सरांची विद्या कळली. लिहून ठेवतो, नाहीतर पुढे माझाच विश्वास बसणार नाही.

परीक्षेत स्मरणचित्र असतं. विषय देतात, भाजी मंडई, बसथांबा, असलं काहीतरी, आणि पोरांनी आठवून काढायचं. सरांकडे त्यासाठी सात चित्रं तयार आहेत. सात सेट. प्रत्येकात तीन माणसं, त्यांत एक फुगेवाला ठरलेला, एक झाड, एक जनावर. पोरांनी आधी सगळे उतरवून बघायचे आणि नंबर आले की परीक्षेपर्यंत एकच सेट घोटायचा. विषय काहीही येवो, माणसं तीच, फक्त मागची पाटी बदलायची. आणि सेट वाटायचे कसे, तर परीक्षेच्या नंबराच्या शेवटच्या आकड्यावरून, म्हणजे शेजारी बसलेल्या दोघांचं सारखं येणार नाही.

मी विचारलं, सर, ह्यात स्मरण कुठे आहे?

ते म्हणाले, "पोरगं घाबरलं की त्याला आपल्या आईचा चेहरा आठवत नाही, विनीत. घोटलेलं मात्र आठवतं."

तीस वर्षं शाळेत ह्या माणसाने हेच केलं. अर्ध्या अंबरनाथच्या हातांत तोच फुगेवाला असेल.

१३ जुलै

ती आली.

म्हणजे धाकट्या बहिणीला सोडायला आली. बहीण जिज्ञासा, दहावीत, माझ्याच वर्गात. ती स्वप्नाली. पालेगावात घर, उल्हासनगरला कॅम्प पाचमध्ये जीन्सच्या दुकानात बिलिंगला आहे. उन्हाच्या रंगाचा कुर्ता, खांद्याला मोठी बॅग, केस घाईने बांधलेले. मी हे सगळं एका नजरेत पाहिलं. मी पाहणारा माणूस आहे, बाकीचे नुसते डोळे उघडे ठेवतात.

ती स्वतःहून बोलली. मला म्हणाली, पप्पांनी अट घातलीय. जिज्ञासाला A ग्रेड आली तर दहावीनंतर चित्रकलेचा डिप्लोमा, नाहीतर माझ्यासारखं दुकान. शेठला आत्ताच सांगून ठेवलंय त्यांनी. "माझं राहून गेलं सर, हिचं तरी होऊ द्या." एवढं बोलून थांबली आणि माझ्याकडे बघितलं.

माझ्यापेक्षा दोनेक वर्षांनी मोठी असेल, पण मला सर म्हणते. त्यात एक गंमत होती, ती मला कळली.

२० जुलै

जिज्ञासाचं काम पाहिलं. स्वप्नालीसारखीची बहीण आणि अशी? पोरीकडे हात आहे, डोकं गहाण. समोर जे ठेवाल ते उतरवते. सरांचा फुगेवाला तिने असा उतरवलाय की सरांनी डाव्या कानाला केलेली चूकही जशीच्या तशी. मी म्हटलं, ह्यात तू कुठे आहेस? ती म्हणाली, "मी कशाला असेन सर, तो फुगेवाला आहे." वर्ग हसला. मला ह्या पोरांची कीव येते.

३ ऑगस्ट

चार रविवार झाले. स्वप्नाली रोज, म्हणजे दर रविवारी, जिज्ञासाला आत पाठवून दारात उभी राहते. आत येत नाही, चप्पल काढत नाही, बस म्हटलं तर बसत नाही. रस्त्याकडे तोंड करून उभी. माझ्याकडे सरळ बघायचं धाडस होत नाही, त्याला ती तरी काय करणार. पण मधेच मान वळवून आत बघते. तेवढं मला आठवडाभर पुरतं. मग शेअर रिक्षा भरत आली की पळते.

आज मान वळवून तिने जिज्ञासाला विचारलं, कंपास घेतलास ना. आवाज जरा मोठा होता. मला ऐकू यावा म्हणूनच.

१७ ऑगस्ट

भांडण. मी पोरांना सांगितलं, पुढच्या वेळी येताना तुम्ही स्वतः बघितलेली एक गोष्ट काढून आणा, जी ह्या जगात दुसऱ्या कुणी बघितली नसेल. भाविका नावाची एक आहे, वर्गाची वकील. ती म्हणाली, "सर, दुसऱ्या कुणी बघितलीच नसेल तर ती बरोबर आलीय हे तुम्हाला कसं कळणार?" मी चिडलो, खडू फेकला. तो गिरणीच्या भिंतीला लागला. सरांनी पोरांसमोर मला बाजूला घेतलं आणि म्हणाले, खडू मोजून येतात. ह्या माणसाची कल्पनाशक्ती खडूच्या खोक्यात संपते.

३१ ऑगस्ट

देवाला काळजी आहे. गणपतीला म्हसळ्याला गावी गेलेले धर्मराज सर पायरीवरून घसरले, पाय प्लास्टरमध्ये, दिवाळीपर्यंत तिकडेच. वर्ग माझा.

फोनवर अर्धा तास तेच. "सेट वाटून टाक. नंबर आलेत. शेवटचा आकडा बघ." मी हो हो म्हटलं. ठेवल्यावर सातही सेट काढले आणि गिरणीवाल्याला दिले. तो त्यावर पिठाचे डबे ठेवतो. पहिल्यांदाच काहीतरी उपयोगाला आले.

७ सप्टेंबर

आजचा दिवस मोठा. शांतपणे लिहिता येत नाही, तरी लिहितो.

बावीस पोरं सेट सेट करत रडकुंडीला आली होती. आता आम्ही काय काढायचं, सर. परीक्षा तोंडावर आली, सर. शेवटी माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, बघणं म्हणजे काय ते दाखवतो. मोठा कागद भिंतीला लावला आणि पाण्यात ब्रश बुडवला. पेन्सिल नाही, खोडरबर नाही. समोर जे होतं ते. रस्ता, अर्धवट बिल्डिंग आणि तिची बांबूची परांची, सोसायटीला पाणी द्यायला आलेला टँकर, त्याखाली झोपलेला कुत्रा, निळे ड्रम घेऊन रांगेत दोन माणसं. आणि दारात ती.

स्वप्नाली त्या वेळी दारातच होती. मी तिला काढली. वीस मिनिटांत सगळं संपवलं. ती दारात उभी, मान वळवून वर्गाकडे बघतेय, ओठांवर थोडंसं हसू. आयुष्यात मी ह्याहून खरं काही काढलेलं नाही. कॉलेजच्या त्या प्राध्यापकाने हे बघायला पाहिजे होतं.

ती तोवर गेली होती. रिक्षा मिळाली असेल. पण कळेल तिला.

 मग एकेकाने मोबाइल काढले आणि फोटो घेतले. बावीसपैकी एकवीस जणांनी. जून महिन्यापासून पहिल्यांदा ह्या ठोंब्यांना काहीतरी भिडलं. भाविकाने विचारलं, "सर, हे कुठल्या विषयाला चालेल?" मी म्हटलं, डोळे असले तर कुठल्याही विषयाला चालतं. तिने वहीत लिहून घेतलं.

फक्त जिज्ञासाने फोटो घेतला नाही. चित्रासमोर उभी राहून बघत होती. म्हटलं, काय, हे उतरवता येणार नाही ना? ती म्हणाली, येईल.

१४ सप्टेंबर

वर्गाने आज मी न सांगताच ब्रश हातात घेतला. मी खुर्चीत बसून होतो. सगळी माझं चित्र काढत होती. कौतुकाने, असं मला वाटलं. माणूस आधी गुरूला गिरवतो, मग स्वतःचं सापडतं. मी कुणाला अडवलं नाही. भाविका दोनदा येऊन गेली. कुत्रा टँकरच्या मागच्या चाकाखालीच ना? ड्रम दोन की तीन? मी म्हटलं, तुला काय वाटतं? ती म्हणाली, "मला वाटून काय फायदा सर, तुम्ही सांगा." दोन, म्हटलं.

जिज्ञासाचा कागद बघितला. टँकर, कुत्रा, परांची, सगळं माझंच. दारात मात्र कोरं. बाईच्या जागी पांढरा कागद. मी हसलो. सख्खी बहीण, आणि तीच जमली नाही. पोरगी उतरवते, बघत नाही, हे मी आधीच लिहिलं होतं.

स्वप्नालीला मी आज विचारणार होतो, दुकान सुटल्यावर कॅम्पात कुठे चहा मिळतो. तोंड उघडलं आणि रिक्षा आली. परीक्षेनंतर विचारीन. जिज्ञासाची A आली की पेढे घेऊन तिच्या घरीच जाईन. मग तिचे पप्पाही मला ओळखतील.

२५ सप्टेंबर

आज स्मरणचित्राचा पेपर होता. मी घरी कुळगावात आरामात जेवत होतो. केंद्रावरून फोन आला, ताबडतोब या. धर्मराज सरांचा नंबर लागला नाही म्हणून माझा.

शाळेत गेलो तर व्हरांड्यात आमची बावीस पोरं भिंतीला टेकून उभी. भाविका रडत होती. जिज्ञासाचा चेहरा कागदासारखा. गेटवर पालकांची गर्दी, त्यात स्वप्नाली. तिने आज दुकानातून सुट्टी काढली होती. मला बघून पुढे आली आणि विचारलं, सर, काय झालं? मी म्हटलं, मी आहे ना.

केंद्रप्रमुख किर्ती मॅडम, त्याच शाळेच्या ड्रॉइंग टीचर. खोलीत त्यांनी बाकं जोडून आमच्या वर्गाचे कागद ओळीने मांडले होते. बावीस टँकर. बावीस कुत्रे, मागच्या चाकाखाली. पेपरात विषय आले होते बसथांबा, भाजी मंडई आणि शाळेचं मैदान. त्यामुळे कुणी टँकरवर "बस क्र. ४" लिहिलं होतं, कुणी ड्रममध्ये कोबी भरला होता, आणि एका महाभागाने कुत्र्याच्या तोंडात फुटबॉल दिला होता. आणि प्रत्येक दारात ती. मान वळवून, ओठांवर हसू. बावीस वेळा, असं मला तेव्हा वाटलं. मी बघतच राहिलो.

मॅडम म्हणाल्या, मुलं तीन वेगळ्या खोल्यांत बसली होती, म्हणजे एकमेकांचं बघितलेलं नाही. मग तयार ट्रेसिंग आत गेलंय. तसा रिपोर्ट गेला की बावीसही जणांचा पेपर रद्द होईल. तुमच्या वर्गाने सेट दिला होता का? धर्मराज सर देतात हे मला माहीत आहे, पण त्यांचे कधी दोन शेजारी सारखे आले नाहीत.

मी म्हटलं, मी सेट देत नाही. सेट देणं म्हणजे चित्रकलेचा खून आहे.

"मग हे काय आहे?"

 खरं सांगायचं तर मला त्या क्षणी त्या पोरांचा एवढा राग आला होता की गेले खड्ड्यात असं वाटलं. मी तोंड फाटेपर्यंत बघा बघा सांगितलं आणि ह्यांनी काय केलं? रिपोर्ट जाऊ दे. शिकतील. तेवढ्यात दारातून जिज्ञासाचा आवाज आला. हळू, पण सगळ्यांना ऐकू जाईल असा. "सर, माझं वर्ष नका घालवू."

मग मी म्हटलं, हे माझं चित्र आहे. वर्गात काढून दाखवलं होतं.

मॅडमनी खडू पुढे केला. म्हणाल्या, मग काढा फळ्यावर. तुम्ही दाखवलं आणि ह्यांनी घोटलं, एवढं मला दिसलं की झालं.

मी फळ्याशी गेलो. टँकर काढला. परांची काढली. आणि थांबलो. माणसं रांगेत कुठे होती? मी ते रागात, वीस मिनिटांत काढलेलं. परत कधी बघितलंही नव्हतं.  मागून भाविका नाक पुसत म्हणाली, "सर, रांग परांचीच्या पुढे." कुणीतरी म्हणालं, पहिल्याच्या हातात ड्रम, दुसऱ्याचा खाली. कुत्र्याचं तोंड डावीकडे, सर. नाही, कान पुसा, एकच कान दिसतो. मी काढत गेलो आणि बावीस पोरं मला माझं चित्र सांगत गेली. किर्ती मॅडम आधी गंभीर होत्या, मग त्यांनी तोंडाला पदर लावला.

"पुरे," त्या म्हणाल्या. "घोटलेलं आहे, चोरलेलं नाही. घोटणं गुन्हा असता तर अर्धी शाळा घरी बसली असती." कागद जातील. मार्क काय द्यायचे ते तपासणारे बघतील, पण एकसारखं काम बघून कुणी खूश होणार नाही, हेही त्यांनी ऐकवलं.

मग गठ्ठा बांधताना त्यांचा हात थांबला. एक कागद बाहेर काढला. नंबर कुणाचा म्हणून विचारलं, जिज्ञासा पुढे आली. मॅडम म्हणाल्या, टँकर तोच, कुत्रा तोच, पण ही बाई वेगळी आहे. का?

जिज्ञासाच्या चित्रात बाईची पाठ वर्गाकडे होती. सगळं वजन डाव्या पायावर, उजवी टाच चपलेतून निघालेली. बॅगेचा पट्टा मुठीत आवळलेला. तोंड रस्त्याकडे, मान लांब करून, येणारी रिक्षा भरलेली आहे की एक जागा आहे ते बघत असलेली. चेहरा अर्धाच दिसत होता, आणि त्यात हसू कुठेच नव्हतं.

पालकांना आत घेतलं होतं, त्यात स्वप्नालीही होती. ती बाकांवरून बघत गेली. बावीस कागद. मी मनात म्हटलं, आता तिला कळेल. मला हवं होतं तसं नाही, पण आता कळेल. ती जिज्ञासाच्या कागदाशी थांबली. मॅडमना म्हणाली, "ही मी आहे." मग बाकीच्यांकडे बघून खरंच न कळल्यासारखं विचारलं, "ह्या बाकीच्या कोण?"

 भाविकाने माझ्याकडे बघितलं आणि मग जमिनीकडे. ही पोरगी पहिल्यांदा गप्प बसली, नको तिथे.

मॅडमनी जिज्ञासाला विचारलं, सरांनी दाखवलं तसं का नाही काढलंस?

ती म्हणाली, "सरांचं बाकी सगळं बरोबर होतं, मॅडम. ताई चुकली होती. ताई वर्गाकडे बघत नाही. रिक्षा सुटली तर शेठ अर्धा दिवस लावतो."

मॅडमनी तिचा कागद गठ्ठ्यात सगळ्यांत वर ठेवला.

बाहेर आल्यावर स्वप्नाली मला म्हणाली, "थँक्यू सर, हिच्यासाठी फळ्यापाशी गेलात ते." आणि बहिणीचा हात धरून निघाली. चहाचं विचारलं नाही. ती जागाच नव्हती.

२८ सप्टेंबर

धर्मराज सरांचा फोन. कुणीतरी सगळं सांगितलंय. मला वाटलं शिव्या घालतील. त्यांनी एकच विचारलं, कुत्र्याचा कान खरंच एकच दिसत होता का? मी फोन ठेवला.

माझं चित्र अजून भिंतीवर आहे. आज त्यापुढे उभा राहिलो. बाईचं मान वळवणं चांगलं आलंय, कुणी काही म्हणो. पण पाय? पाय मी काढलेच नव्हते. कुर्त्याखाली नुसता करडा रंग फासून संपवलंय. इतके रविवार ती त्या पायांवर उभी होती.

१९ ऑक्टोबर

काही नाही. नवीन बॅच. "सर, आकाश निळंच ना?"

२१ डिसेंबर

निकाल. जिज्ञासाला A. दोघांना B, उरलेल्या सगळ्यांना C. C वाल्यांच्या आया येऊन मला बोलून गेल्या. भाविकाची आई म्हणाली, आमच्या पोरीने तुम्ही सांगितलं ते तंतोतंत केलं हो.  तंतोतंतच केलं.

दुपारी स्वप्नालीचा फोन. पप्पा हो म्हणाले, दहावी झाली की डिप्लोमाला टाकणार, शेठला नाही म्हणून कळवलं. तिचा आवाज असा मी कधी ऐकला नव्हता. मी अभिनंदन म्हटलं. आणखीही काही म्हणणार होतो. मागून कुणीतरी सिंधी हेलात तिला हाक मारली, "अडे, बिल बना ना," आणि ती म्हणाली, गिऱ्हाईक आहे सर, ठेवते.

गाळ्यात कुणी नव्हतं. कागद घेतला आणि तिला आठवून काढायला बसलो. पहिल्या दोन वेळा तेच हसू आलं, ते मी खोडलं. तिसऱ्यांदा आली. वजन डाव्या पायावर, टाच चपलेबाहेर, मान लांब करून रस्त्याकडे. चांगली आली. बराच वेळ बघत बसलो आणि मग लक्षात आलं की ह्यात मी पाहिलेलं काहीच नाही. जिज्ञासाची आहे. रेघ न् रेघ तिची.

फाडली नाही. खाली जिज्ञासाचं नाव लिहिलं.